तेगालकराचा पुकारा

आता कोर्टात आरडाओरडा राहिला नाही. दाराशी काळी पाटी लावलेली असते, तिच्यावर लाल आकडे पळतात. आपला आकडा आला की आत जायचं. गेल्या महिन्यात जमिनीच्या एका कागदासाठी तालुक्याला गेलो होतो, तेव्हा बाकावर बसून त्या पाटीकडे बघत राहिलो. शेजारच्या माणसानं विचारलं, "आजोबा, तुमचा नंबर कितवा?"

मी म्हटलं, "मला नंबर नाही. मला नाव आहे."

तो जरा लांब सरकून बसला.

मी एकोणतीस वर्षं कोर्टात शिपाई होतो. शिक्षण चौथी. या अंकाचे संपादक म्हणजे आमच्या गावचे मास्तर. ते म्हणाले, "गंगारामकाका, तुम्ही सांगा, मी लिहितो." मी म्हटलं, लिहिणार तर मीच लिहिणार, तुम्ही काना-वेलांटी बघा, मजकुराला हात लावू नका. त्यांनी कबूल केलंय. कोर्टाचं नाव लिहीत नाही. किनाऱ्यावरचं, खाडीच्या तोंडाजवळचं, आपल्या जिल्ह्यातलं एक तालुक्याचं कोर्ट, एवढं पुरे. तिथं अजून माणसं नोकरीला आहेत.

लोकांना वाटतं कोर्टातला शिपाई म्हणजे साहेबांना पाणी देणारा आणि फायली उचलणारा. ते तर होतंच. पण माझं खरं काम पुकारा. सकाळी बोर्ड लागतं, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी. साहेब खुर्चीवर बसले की शिरस्तेदार फाईल पुढं करतात, मला नाव सांगतात, आणि मी दारात उभा राहून तीन वेळा हाक देतो. पहिली हाक व्हरांड्यातल्या माणसासाठी. दुसरी, समोरच्या टपरीवर चहा पीत असलेल्यासाठी. तिसरी हाक एस.टी.तून नुकत्याच उतरलेल्यासाठी. ती लांब द्यायची. शेवटचं अक्षर सोडायचं नाही, माणूस धावत फाटकातून आत येईपर्यंत धरून ठेवायचं. तिसऱ्या हाकेनंतर मी आत वळून "साहेब, हजर नाही" म्हटलं की संपलं. कुणाचा दावा निकालात निघायचा, कुणाच्या नावे वॉरंट सुटायचं. तेव्हा माझा दम किती टिकतो यावर माणसाचं बरंच काही अवलंबून असायचं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण आहे.

एक म्हातारी बाई वेळणेश्वराकडून दर तारखेला यायची. दावा तिच्या नवऱ्याच्या नावानं, आणि नवरा तर मेलेला. वारसांची नावं लागायची होती, वकील आज-उद्या करत होता. मी नवऱ्याचं नाव तीन वेळा पुकारायचो, ती पदर सावरून बसून ऐकायची आणि घरी जायची. पुढं नावं लागली. त्या दिवशी मी तिच्या मुलांची नावं पुकारली, तर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आता तेंना न्हाय बोलवायचे तुमी?" 

हे काम मी का धरलं, ते सांगायला पाहिजे. आमचं गाव मंडणगडच्या डोंगरात. आमची वाडी बौद्धांची, माझा जन्म धर्म बदलला त्या वर्षातला. माझ्या वडिलांचं नाव भिकाजी सोनू तांबे. पण गावात त्यांना या नावानं कुणी ओळखत नव्हतं. "ए भिक्या", नाहीतर नुसतंच "ए". त्यांच्याहून लहान माणसंसुद्धा. पुढं पाणवठ्याचा तंटा कोर्टात गेला आणि वडील साक्षीला गेले. तिथं कोटातल्या शिपायानं दारात उभं राहून पुकारलं, "भिकाजी सोनू तांबे." वडील उठले नाहीत. दुसऱ्यांदा पुकारलं, तरी नाहीत. तिसऱ्यांदा उठले. वकील चिडला, "बहिरे आहात का?" वडील मला ही गोष्ट सांगताना हसायचे. म्हणायचे, "ऐकला होता रे पयल्यांदाच. पन पुन्ना ऐकायचा होता. साक्ष दिली नी परत आलो, मग पुन्ना कोन बोलवनार?"

तेव्हाच मी ठरवलं होतं की मोठेपणी हे काम करायचं. मुंबईला गिरणीत चिकटवून देणारा मामा होता. नाही गेलो. भांडण झालं, चालेल म्हटलं. आणि एक नियम मी नोकरीभर पाळला. माणूस चोर असो, सावकार असो, वेडा असो, पुकारा पूर्ण नावानं. बापाचं नाव, आडनाव, सगळं. कुणाचं नाव अर्धं खाल्लं नाही.

म्हणूनच तेगालकराची गोष्ट अजून टोचते.

निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली होती. आमच्या मच्छीमारांना समुद्रात एक माणूस लाकडाच्या फळीला धरून तरंगताना सापडला. त्यांनी त्याला होडीत घेतलं, पेज पाजली, बंदरावर आणून चौकीत दिलं. कुठल्याशा परदेशी बोटीवरून पडला होता. कागद नाहीत, भाषा कळत नाही, खाणाखुणांनी नाव आणि देश तेवढा कळला. बारीक, सावळा, चाळिशीतला, कपाळावर जखम. बिनपरवाना देशात शिरला म्हणून गुन्हा नोंद झाला. आता, पाण्यात पडलेला माणूस परवाना कुठून आणणार? पण कलम ते कलम. जामीन राहायला कुणी नाही, म्हणून कोठडी. दर पंधरा दिवसांनी पोलीस त्याला आणायचे, तारीख पडायची, परत न्यायचे.

पहिल्या तारखेला शिरस्तेदारांनी मला नाव सांगितलं. मी दारात जाऊन आवाज दिला, "सरकार विरुद्ध सुवार्नो तार्जो तेगालकर, हाजीर होऽऽ!"

तो बाकावर बसलेला, शेजारी दोन पोलीस. हलला नाही. पोलिसानं दंडाला धरून उठवलं, आत नेलं. तेव्हाच्या साहेबांनी वर बघून विचारलं, "नाव पुकारलं तर उठत का नाही?"

पोलीस म्हणाला, "परदेशी आहे, साहेब."

मला ते लागलं. माझ्या पुकाऱ्याला माणूस उठत नाही म्हणजे काय? पुढच्या तारखेला मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. त्याच्या छातीवर बोट ठेवलं. "तेगालकर. तू. तेगालकर." तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानंही छातीवर बोट ठेवलं, "सुवार्नो." मी मान हलवली, "ते झालं. पण मी तेगालकर म्हटलं की उठायचं." उठून दाखवलं, बसून दाखवलं. पोलीस हसत होते. मी हट्टी माणूस. तीन तारखा घेतल्या, पण शिकवलं. त्यानंतरच्या तारखेला मी दारातून "तेगालकर" म्हटलं आणि तो ताडकन उभा राहिला, वर "हाजीर" पण म्हणाला. सगळा व्हरांडा हसला. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "परमुलुखातला माणूस उठतो माझ्या आवाजानं."

ती म्हणाली, "उठतो तो बरा. घरी कधी जातो?"

ते मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

त्याची माझी एक ओळख झाली. जेवणाच्या सुट्टीत मी व्हरांड्याच्या टोकाला डबा उघडायचो. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कधी नारळाच्या रसातली भाजी. एकदा पोलिसाला विचारून त्याला घास दिला. त्यानं चटणी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग खाडीकडे बोट दाखवून काहीतरी बोलला, लांबलचक. मला शब्द कळला नाही, पण तो घरच्या स्वयंपाकाबद्दल बोलत होता यात शंका नाही. तेव्हापासून माझी बायको तारखेच्या दिवशी एक भाकरी जास्त टाकायची.

पावसाळा गेला, थंडी गेली. साहेबांची बदली झाली आणि नव्या न्यायाधीश बाई आल्या. आमच्यात बाई असोत की बुवा, म्हणायचं साहेबच. वयानं माझ्या मुलीएवढ्या. आवाज बारीक, पण कागद तळापर्यंत वाचायच्या. तेगालकराची फाईल त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली आणि सरकारी वकिलांना विचारलं, "याच्या देशाला कळवलंय?"

वकील म्हणाले, "वरून कळवलं होतं, साहेब. त्यांच्या वकिलातीचं उत्तर आलंय. या नावाचा आमचा नागरिक आढळत नाही."

"आणि यालाच कुणी सांगितलं, की तुझ्या देशाच्या वकिलातीशी बोलायचा तुला हक्क आहे? त्याला कळेल अशा भाषेत?"

वकील मग म्हणाले, "साहेब, हे दिल्लीचे विषय. आपलं तालुक्याचं कोर्ट."

बाईसाहेब रागावल्या नाहीत. सावकाश बोलल्या, जणू आम्हा सगळ्यांना शिकवतायत. "देशांनी एकमेकांना शब्द दिलाय, वकीलसाहेब. दुसऱ्याचा माणूस पकडला तर त्याला हे सांगायचं. सही दिल्लीनं केली असेल, पण माणूस पकडला जातो तो असल्या बंदरावर. पाळायचं ते इथंच. आपल्या तालुक्यातली किती माणसं परदेशी बोटींवर आहेत? त्यांना तिकडे कुणी पकडलं तर काय व्हावं असं वाटतं तुम्हाला?" मग म्हणाल्या, "आणि जगण्याच्या, स्वातंत्र्याच्या हक्काचं आपल्या घटनेतलं कलम काढून बघा. तिथं नागरिक लिहिलेलं नाही. व्यक्ती लिहिलंय. हा व्यक्ती आहे ना?"

मी दारात उभा. एकोणतीस वर्षांत मी त्या खोलीत पुष्कळ कायदा ऐकला, बराचसा डोक्यावरून गेला. हे एक वाक्य कानात राहिलं.

त्यांनी दुभाषा आणायला सांगितलं. बंदरावर दाऊदभाई राहायचे. जन्म बोटीवरच्या स्वयंपाकघरात गेला, पूर्वेकडच्या बेटांतल्या खलाशांबरोबर वीस वर्षं काढलेली, त्यांची बोली तोंडात. मीच नाव सुचवलं. पुढच्या तारखेला ते टोपी सारखी करून आले, शपथ घेतली, आणि बोलले त्याच्याशी. त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला कळेल असं बोललं होतं.  त्यानं दाऊदभाईंचा हात धरला आणि नुसता उभा राहिला.

"नाव विचारा," बाईसाहेब म्हणाल्या.

"सुवार्नो, साहेब."

"पूर्ण."

दाऊदभाईंनी विचारलं. त्यानं सांगितलं. दाऊदभाई म्हणाले, "एवढाच. तेंच्याकडं पुष्कळांचा एकच नाव असतो. आईबापान ठेवला तो. आडनाव नाय."

"मग तार्जो?"

"बापाचा नाव. पन तो आपल्या नावापुढं लावीत नाय."

"आणि तेगालकर?"

दाऊदभाईंनी विचारलं आणि हसू आवरलं. "तेगाल तेचा बंदर, साहेब. गाव."

साहेबांनी चौकीच्या हवालदाराकडे बघितलं. तो प्रामाणिक माणूस होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, "साहेब, फॉर्मात आडनावाची जागा होती. मोकळी ठेवली तर परत येतो फॉर्म. त्यानं गाव तेगाल सांगितलं, मी तेगालकर लिहिलं. आपल्याकडे तसंच करतात. माझं स्वतःचं आडनावही गावावरनंच."

कोर्ट हसलं. खरं सांगायचं तर मीही हसलो. पावसचा तो पावसकर, गुहागरचा तो गुहागरकर, मग तेगालचा कोण? कोकणातला कुणीही हेच लिहील. आणि त्या एका 'कर'मुळं वकिलातीच्या वहीत त्याचं नाव सापडेना.

पण सरकारी वकील उठले. "साहेब, हे आता म्हणायला ठीक आहे. आरोपी इतके महिने याच नावाला उठतोय. 'हाजीर' म्हणतोय. सगळ्या कोर्टानं पाहिलंय. कशावरून तेव्हाचं नाव खोटं आणि आताचं खरं? पुन्हा वकिलातीला लिहायचं तर कोणत्या आधारावर?"

बाईसाहेबांनी सुवार्नोकडे बघितलं. "विचारा, तो या नावाला का उठतो?"

दाऊदभाईंनी विचारलं.  त्यानं एकदा दाराकडे बघितलं, माझ्याकडे, आणि मान खाली घातली. माझं नाव घ्यायचं नव्हतं त्याला. भाकरीची ओळख होती ना.

शिपायानं कोर्टात आपलं बोलायचं नसतं. दुसऱ्याचं नाव पुकारायचं आणि गप्प राहायचं. मी ते पाळलं होतं. त्या दिवशी दारातून दोन पावलं आत गेलो.

"साहेब, उठायला मी शिकवलं."

आम्हा शिपायांचे वरिष्ठ, नाझर, मागून कुजबुजले, "गंगाराम, बाहेर हो."

मी झालो नाही. "तो पहिल्या दिवशी उठला नव्हता, साहेब. त्यानं छातीवर हात ठेवून मला नाव सांगितलं होतं. सुवार्नो. मी ऐकलं नाही. तेगालकर म्हटलं की उठ, असं मीच बसून-उठून शिकवलं. माझा पुकारा फुकट जातो याचा मला कमीपणा वाटला."

 बाईसाहेब म्हणाल्या, "हे लेखी द्याल?"

"देतो."

कारकून म्हणाला, मी लिहून देतो, तुम्ही सही करा. मी नको म्हटलं. व्हरांड्यात माझ्या नेहमीच्या जागी बसून स्वतः लिहिलं. दीड तास लागला. एक पान. नोकरीत मी लिहिलेला तो पहिला कागद. त्याच्या नावानं सुरुवात केली, एकाच शब्दानं, पुढं काही जोडलं नाही. नाझरांनी नंतर खुलासा मागितला, सेवापुस्तकात शेरा बसला. तो शेरा मी कधी पुसायला सांगितला नाही. बरोबरच होता. माझ्या बापाला गावानं नाव दिलं नाही आणि मी या माणसाचं असलेलं नाव काढून घेतलं, यापेक्षा मोठा शेरा कुठला?

बाईसाहेबांनी हुकूम केला. खरं नाव, गाव, आईचं नाव, फोटो आणि माझा कागद, सगळं वर गेलं. चौथी पास माणसाच्या हातचा कागद इंग्रजी होऊन परदेशाच्या वकिलातीत गेला, याचा मला आजही अभिमान आहे. चूक कबूल केल्याचा कागद होता, तरी आहे.

दोन तारखा उत्तर नाही. तिसऱ्या तारखेला आलं. वकिलातीच्या माणसानं फोटो त्याच्या आईला दाखवला होता. आईनं ओळखला. घरी त्याला बुडालेला धरून मयताचा चाळिसावा दिवसही केव्हाच होऊन गेला होता. हे दाऊदभाईंनी त्याला व्हरांड्यात सांगितलं तेव्हा तो जमिनीवर बसला आणि बराच वेळ फरशीवरून हात फिरवत राहिला.

शेवटच्या दिवशी वकिलातीचा अधिकारी आला होता, कोट घालून, घामानं भिजलेला. बाईसाहेबांनी गुन्ह्यातून मोकळा केल्याचा निकाल लिहून ठेवला होता, वाचायचा बाकी होता. मला म्हणाल्या, "गंगाराम, पुकारा करा. बरोबर नावानं."

मी दारात गेलो. एवढी वर्षं मी नाव, बापाचं नाव, आडनाव असं तिन्ही भरून पुकारलं. एकच शब्द तोंडात घ्यायला उघडं उघडं वाटत होतं. तरी दम भरला.

"सुवार्नोऽऽ!"

तो समोरच्या बाकावर. हात-दीड हातावर. उठला नाही.

 म्हटलं, मी शिकवलेलंच याच्यात राहिलं की काय? दुसऱ्यांदा पुकारलं. नाही उठला. डोळे मिटलेले, मान थोडी तिरकी, चटणी जिभेवर ठेवली होती तेव्हा होती तशी. अधिकारी पुढं झाला, त्याला हलवायला. मी हातानं थांबवलं. एकाएकी मला ते कळलं होतं. माझ्याइतकं तिथं दुसऱ्या कुणाला कळणार नव्हतं.

तिसरी हाक मी लांब दिली. जेवढा दम होता तेवढी. खाडीवर जाळी वाळत घालणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या. शेवटचं अक्षर सोडलं नाही. मग त्यानं डोळे उघडले आणि उठला.

तो गेला. त्याचं पत्र आलं नाही, येणार तरी कुठल्या भाषेत? दाऊदभाई वारले. बाईसाहेबांच्या पुढं दोन बदल्या झाल्या असं ऐकलं. बायकोही गेली तीन वर्षांपूर्वी, पण भाकरी सुकटीबरोबर खाल्ली की अजून हिशोबात एक जास्त वाटते. मी आता आमच्या डोंगरातल्या घरी असतो. इथून समुद्र दिसत नाही. वारा पश्चिमेकडचा असला तर संध्याकाळी खारट वास येतो, तेव्हा अंगणात उभा राहतो. त्या खोलीचं दार, व्हरांडा, फाटकातून धावत येणारी माणसं, हे सगळं डोळ्यांपुढं येतं. माझा शिपायाचा कोट पेटीत आहे. घालून कुठं जाऊ?

मला इथं आजोबा म्हणतात, म्हातारबा म्हणतात, मुंबईची नातवंडं फोनवर काहीतरी भलतंच म्हणतात. प्रेमानं म्हणतात, तक्रार नाही. पण गंगाराम भिकाजी तांबे असं पूर्ण नाव कुणाच्या तोंडून ऐकून किती दिवस झाले, आठवत नाही. बँकेतही आता आकडाच.

माझा पुकारा आता फार लांब नाही, एवढं कळतं. तो कुणी करावा, कुठल्या दारातून, हे आपल्या हातात नाही. एवढंच वाटतं की पूर्ण नावानं व्हावा, बापाच्या नावासकट. आणि पुकारणाऱ्याला आधीच सांगून ठेवतो, पहिल्या दोन हाकांना मी उठणार नाही. ऐकत बसेन.